आईच्या नावाचं खातं

१९ मे १९६६, गुरुवार

बँकेत अर्धा दिवस गेला आणि हाती काय, तर मॅनेजरचा उपदेश. तुम्ही नर्सच्या नोकरीला विलायतेला गेलात की तुमचं इथलं खातं परदेशात राहणाऱ्याचं होणार, त्याला नियम वेगळे, सतरा परवानग्या. घरी पैसे वेळेवर मिळायला हवेत ना? मग घरातल्या कुणाच्या तरी नावानं खातं काढा आणि तिकडून ड्राफ्ट त्याच नावानं पाठवा. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर माझ्या खेपा वाचल्या असत्या. तळेगावच्या दवाखान्यातून दर वेळी सुट्टी मागायची म्हणजे मेट्रनबाईंचं तोंड बघायचं.

अण्णांच्या नावानं नको. त्यांच्या हातातला पैसा संध्याकाळपर्यंत दादाच्या सायकलच्या दुकानात पोचतो. दादाच्या नावानं तर नकोच नको. आईच्या. ठरलं. पहिल्या पैशात तिचा मोतीबिंदू काढायचा, पुण्याला. उजव्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड कळतो. बाकी सगळं नंतर.

२३ मे, सोमवार

डोकं फुटायची वेळ आली आहे.

आईला घेऊन बँकेत गेले. धुवट लुगडं, नवी चोळी. खिडकीतला चष्मेवाला कारकून चांगला माणूस, गोड बोलून विचारलं, "बाई, पूर्ण नाव?"

आई, "गंगूबाई." मग गप्प. मग, "येवले."

"मधलं? नवऱ्याचं?"

आई खाली बघते. मागे रांग. मीच म्हटलं, "मारुती. मारुती बाळा येवले." तो म्हणाला, तुम्ही नको, खातेदारानं सांगायचं. सही येत नाही, अंगठा आहे, अंगठेवाल्यांना तोंडी विचारावंच लागतं. आज आणि दर वेळी पैसे काढतानाही.

आई घुम्यासारखी उभी. शेवटी पदर तोंडाशी धरून बाहेर. मी घरी वलवणला येईपर्यंत अख्खी वाट बोलत होते, ती पुढे चालत होती. घराच्या दारात म्हणाली, "लगीन झाल्यापासनं उखान्याबिगार घेतलं न्हाई. आता त्या चष्म्यावाल्याम्होरं घिऊ व्हय?"

२४ मे, मंगळवार

राग गेलेला नाही.

माहीत होतं ना मला? होतं. चौकातल्या मारुतीला ती जन्मभर "पाराचा देव" म्हणते. शनिवारी "पाराच्या देवाला त्याल घालून ये." मारुती म्हटलं तर नवऱ्याचं नाव घेतल्यासारखं होतं म्हणून. आम्ही लहानपणी हसायचो. आता हसू येत नाही. मी सहा हजार मैलांवर जाणार, आणि पैसे अडणार कशावर, तर ह्या तीन अक्षरांवर.

२९ मे, रविवार

लग्नकार्यात उखाण्यात तर घेते नाव! मग काय. दुपारी बसून बँकेसाठीच एक रचला:

बँकेच्या खिडकीला पितळेची जाळी,
मारुतरावांचं नाव घेते अंगठ्याच्या वेळी.

आई हसून हसून लाल. अण्णा ओटीवरून ओरडले, "काय चाललंय तिकडं?" आईला म्हटलं, म्हण एकदा. "बँकेच्या खिडकीला पितळंची जाळी..." इथपर्यंत आली आणि भांडी घासायला उठून गेली.

७ जून, मंगळवार

सरकारनं रुपया उतरवला. कालपासून गावात दुसरा विषय नाही. पौंडाला तेरा-साडेतेरा रुपये यायचे ते आता एकवीस.

माझं नुकसान आधी. बोटीचं भाडं वाढलं. पतपेढीतून काढलेलं कर्ज पुरणार नाही, अजून उचलावं लागणार. जामीन दादाच.

तोच दादा, जो होळीपासून म्हणत होता की पोरीच्या जातीनं परमुलखात कशाला मरायला जायचं. आज दुकान बंद करून आला, पाटावर बसला, आणि माझ्या पगाराला एकवीसनं गुणत बसला. दोनदा गुणलं. मग म्हणाला, "सुमे, आईला कशाला त्रास? खातं माझ्या नावावर काढ. मी जामीन आहेच ना."

दादा वाईट नाही. त्याला वाईट म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या डोक्यात रोज नवी योजना असते आणि प्रत्येक योजनेला दुसऱ्याचे पैसे लागतात, एवढंच.

नाही म्हटलं. वाढलेलं न जेवता गेला.

१५ जून, बुधवार

खातं निघालं! मॅनेजरनं तोड काढली. नवऱ्याला घेऊन या, तो स्वतःचं नाव स्वतः सांगेल. अण्णा कोट घालून आले. रेल्वेच्या शेडमध्ये साहेबापुढे उभे राहायचे तसे उभे राहून "मारुती बाळा येवले, रिटायर्ड फिटर" असं इतक्या मोठ्यानं सांगितलं की आतला मॅनेजर बाहेर आला. आईनं डावा अंगठा दिला. पाच रुपये भरले. पासबुक मिळालं.

मॅनेजरनं मला बाजूला घेऊन सांगितलं, काढताना मात्र बाईंना विचारणार हं. तेव्हा नाव नवऱ्यानं सांगून चालत नाही, पैसे त्यांचे आहेत. बरोबरच आहे त्याचं. मलाही तेच हवंय.

आठवडाभरात एकदा तालीम करायची. दहा रुपये मी टाकते, तिनं एकटीनं काढून आणायचे.

२४ जून, शुक्रवार

तालीम फसली.

मी बाहेर पायरीवर उभी, धुक्यात समोरचं दुकान दिसत नव्हतं. आई आत गेली, आई बाहेर आली. हात रिकामे.

"काय झालं?"

"पैकं हायती म्हनतो. पर देत न्हाई."

आत जाऊन विचारलं. कारकून म्हणाला, "ताई, मी काय करू? नवऱ्याचं नाव मीच वाचून दाखवलं, निदान होय-नाही तरी करावं. तोंडच उघडत नाहीत." मॅनेजरचं मत, मुलाला अधिकारपत्र द्या. आईच्या अंगठ्याचं एक पत्र, की माझ्या वतीनं मुलगा पैसे काढेल. सोपं आहे, बरेच लोक करतात.

सोपं आहे! म्हणजे फिरून दादाच. मग मी ह्या एवढ्या खेपा घातल्या कशाला?

घरी येऊन आईवर ओरडले. हट्टी म्हटलं. अडाणी म्हटलं. ती तांदूळ निवडत होती. डावा डोळा ताटाजवळ नेऊन खडे शोधत होती.  मला जेवण गेलं नाही.

३ जुलै, रविवार

इंदूचं पत्र, विलायतेहून. माझ्याबरोबर शिकली, वर्षापूर्वी गेली. लिहिते, पगार आठवड्याला पाकिटात मिळतो. बँकेत खातं काढायला कुणीतरी हमी द्यावी लागते, वॉर्डाच्या सिस्टरनं दिली तेव्हा कुठे काढता आलं. पुढे: "मी घरी पाठवते त्यातून भावानं वर माडी चढवली. नकाशा पत्रात काढून पाठवला. माझी खोली त्यात नाही. घरच्या पत्रात पहिल्या ओळीत पैशाची पोच असते, खुशाली खाली."

आईला वाचून दाखवत होते. म्हणाली, "ते खोलीचं पुन्यांदा वाच."

वाचलं.

"किती पाटवती ती?"

"जवळजवळ सगळं."

"हं."

आज दिवसभर एका जागी बसवत नाहीये. धुणं अर्धं पिळलं, पेटी उघडली, बंद केली.

१८ जुलै, सोमवार

परदेशी जायच्या परवानगीचा रिझर्व्ह बँकेचा पी फॉर्म मंजूर. त्याशिवाय तिकीट देत नाहीत. आता तिकीट पक्कं, १३ ऑगस्टची बोट. हातात न्यायला परकं चलन किती? तीन पौंड. पासपोर्टवर शिक्का मारून दिलाय, जणू मी खजिनाच लुटून नेते आहे. तीन पौंडांत उतरल्यावर काय करायचं? इंदू बंदरावर आली तर ठीक, नाही तर पहिल्या पाकिटापर्यंत उपास.

हे सांगायला घरी आले तर घरात पेढे. माझ्या तिकिटाचे वाटले मला. दादानं खोपोलीच्या एका माणसाची जुनी टॅक्सी ठरवली. विसार देऊन आला! लोणावळ्याला येणाऱ्या पाहुण्यांना खंडाळा, कार्ला फिरवायचं. उरलेले हप्ते? "तुझा ड्राफ्ट येईलच की."

माझी बोट अजून धक्क्याला लागायची आहे आणि माझे पौंड ह्याच्या टॅक्सीत बसले पण! बोलले ते बोलले. वहिनी पोराला घेऊन आत गेली. अण्णा म्हणाले, "आगं, भावाचं भलं व्हतंय तर व्हऊ दे. तू तरी कुनाला कमावतीस?"

कुणाला? ह्या प्रश्नाचाच राग येतोय.

२९ जुलै, शुक्रवार

दादा अधिकारपत्र टाइप करून घेऊन आला. शाईचं पॅडही. मी ठरवलं होतं आता भांडायचं नाही. मॅनेजर म्हणतो, अण्णा म्हणतात, आईला तर नाव घ्यायचं नाही. होऊ दे. मोतीबिंदूचे तेवढे पैसे बाजूला काढायची दादाकडून शपथ घेतली. त्यानं गळ्याला हात लावून घेतली.

आई आतून आली ती डाव्या अंगठ्याला ही एवढी चिंधी बांधून. "तव्याला लागला. भाजलंय." दादा चुकचुकला. पॅड मिटून ठेवलं. म्हणाला, बरं झालं की करू.

मी म्हटलं, दाखव, मलम लावते. "नगं. हळद भरलीय."

३१ जुलै, रविवार

नर्स आहे मी. भाजलेलं तसंच चिंधीत कोंबून ठेवलेलं बघवेना. अण्णा देवळात गेल्यावर तिला धरून बसवलं आणि चिंधी सोडली.

काही नाही. फोड नाही, डाग नाही. पिवळाधम्मक, चांगला अंगठा.

मी तिच्याकडे बघितलं. तिनं माझ्याकडे.

"बांद परत," म्हणाली.

बांधली. का बांधली? दादा घाई करतोय, बोटीला दिवस राहिले नाहीत, आणि मी तिला सामील. कुणाला सांगूही शकत नाही.

७ ऑगस्ट, रविवार

दादा दोनदा विचारून गेला. चिंधी आहेच. "म्हातारपणी जखम लवकर भरत नाही ना गं?" मला विचारतो, मी नर्स म्हणून. म्हटलं, नाही भरत.

खोटं बोलले. चेहरा सरळ ठेवून. मला स्वतःचंच नवल वाटलं.

१२ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या पहाटेची गाडी, दुपारी बोट. पेटी भरून झाली. अण्णा आणि दादा पेटीला बांधायला दोर आणायला बाजारात गेलेले. आई लोणच्याच्या बरणीला फडकं बांधत होती. फडक्याची गाठ मारता मारता, मान वर न करता म्हणाली,

"मारुती बाळा येवले."

मला वाटलं दुसरंच कुणी बोललं.

"येतं मला," म्हणाली. "तोंड काय झडतंय व्हय? पयल्या दिशी लाज वाटली, ते खरं. मग इच्यार केला, बरंच हाय की. खातं चालू झालं की तू अडकली. म्हैन्याला आलं न्हाई की हितं समदी बोंब मारनार. तुज्या दादाला गाडी, मग घर, मग पोराचं शिक्षान. तुजं लगीन कोन काडनार? दुभती म्हैस कोन इकतंय का?"

"आणि तुझा डोळा?"

"एक हाय की अजून."

असा राग आला! रडूही आलं, पण आधी राग. तिच्या डोळ्यासाठी मी एवढी धावले आणि ती डोळा मोडीत काढून बसली आहे. म्हटलं, मी पाठवणारच. ड्राफ्ट काढणारच. तू बँकेत जायचंस, आत्ता म्हटलंस तसं नाव सांगायचं, पैसे घ्यायचे, पुण्याला जायचं. माझी शपथ घे.

शपथ घेतली नाही. बरणी माझ्या पेटीत कपड्यांमध्ये नीट बसवली. "तितं बँकेत तुज्या नावानं ठिव. त्या इंदीवानी करू नगंस. तुजं नाव घ्यायला तरी तुला कुनी आडीवलंय का?"

एवढ्यात अण्णा आले. तिनं चिंधी अंगठ्यावर ओढून घेतली.

आता जेवणं झाली. दादा पेटीला दोर आवळतोय, गाठ पक्की बसावी म्हणून पेटीवर गुडघा रोवून. उद्या धक्क्यापर्यंत तोच येणार आहे सोबत. वाटेत हप्त्यांचं विचारेल. काय सांगायचं ते माझं ठरलेलं नाही.