भाच्याची गाडी, मामाचा विमा

चिरंजीव किटियोने,

(आमची डुकरं, चटया आणि होडीचं इंजिन यांचे धनी) यांस इनोसीमामाचे अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत उत्तमच असणार. ब्रिस्बेनमध्ये लोकांच्या छपरांवर पत्रे ठोकणारा माणूस आजारी पडला असता, तर निदान औषध विचारायला तरी त्याने आईला फोन केला असता. इकडे सर्व क्षेम. तुझी मामी उनाइसी बरी आहे, शेतात टारोचे कंद बरे आलेत, चर्चचं छप्पर गळतंय (तू पत्रे बसवतोस हे पास्टरना कोणीतरी सांगितलंय, मी नाही). पत्र लिहिण्यास कारण की, तुझी गाडी.

‘दोन वर्षांत येतो, तोवर सांभाळा’ असं सांगून तू ती माझ्या नीरफणसाखाली उभी केलीस, त्याला आता सहा वर्षं झाली. मागचा डावा दरवाजा फक्त बाहेरून उघडतो, भोंगा फक्त उजवीकडे वळताना वाजतो. तरी मी ती सांभाळली. आपला रिवाजच तसा आहे: मामाच्या घरातलं जे आवडेल ते भाच्याने न विचारता उचलावं आणि मामाने हसून बघावं. मी हसून बघितलं. तुझ्या एकविसाव्या वाढदिवसाला माझी डुकरीण गेली तेव्हा हसलो, इंजिन गेलं तेव्हा हसलो (गावाने समजून घेतलं, उनाइसीने अजून घेतलेलं नाही). आयुष्यात पहिल्यांदा तुझी एक वस्तू माझ्या दारात आली, तर तिच्यापायी मला या वयात कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागताहेत.

तुझ्या आईची साखर आता पायात उतरली आहे, हे तुला माहीत असेल किंवा नसेल. महिन्यातून दोनदा तिला डोंगर ओलांडून लंबासाच्या इस्पितळात न्यावं लागतं. नेतो मी, तुझ्या गाडीतून. रिवाजाप्रमाणे आम्ही बहीणभाऊ एकमेकांशी थेट बोलत नाही, त्यामुळे ती मागून उनाइसीला सांगते, उनाइसी मला सांगते, आणि तोवर थांबायची जागा मागे पडलेली असते. तरी नीट चाललं होतं. गेल्या महिन्यात वळणावर लाकडं भरलेला एक ट्रक गाडीचा आरसा तोडून घेऊन गेला. पोलीस आला, कागद मागितले, आणि विमा संपून चार वर्षं झाली हे सगळ्यांना एकदमच कळलं. पोलीस उनाइसीच्या माहेरचा निघाला म्हणून ताकीद देऊन गेला. पण तुझ्या आईने, मेरेओनीने, ते ऐकलं. घरी येऊन तिने उनाइसीमार्फत मला कळवलं, “माझ्या पायापायी माझा भाऊ तुरुंगात गेलेला मला चालणार नाही. कागद होईपर्यंत मी या गाडीत बसणार नाही.” आता ती बसने जाते. पाय खाली लोंबकळत ठेवून तीन तास जायचं, तीन तास यायचं. परतते तेव्हा पाय भोपळ्याएवढा झालेला असतो. मला भीती वाटते, बाबा. इस्पितळातली नर्स तिच्या बोटांकडे बघून हल्ली दर वेळी डॉक्टरला बोलावते, ते मला आवडत नाही.

म्हणून मी सावुसावुला विम्याच्या कचेरीत गेलो. तिथे राजनील नावाचा इसम बसतो. त्याची इस्त्री कडक, डोकं त्याहून कडक. गाडी कोणाची, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, भाच्याची. मग तुम्ही कोण? मामा. गाडी समुद्रात गेली तर नुकसान कोणाचं? मी खरं बोलणारा माणूस, म्हटलं, भाच्याचं. आणि तुमचं? मी म्हटलं, माझं काय जातंय? चार दिवस हसेन. झालं! त्याने पेनाला टोपण लावलं. ज्याचं काही बुडत नाही त्याला विमा मिळत नाही म्हणे. म्हणजे तू सहा वर्षं गाडीकडे बघितलं नाहीस तरी नुकसान तुझं, आणि मी रोज सकाळी तिच्यावरची कोंबड्यांची घाण धुतो त्याचं काहीच नाही. हा कायदा ज्याने केला त्याला बहीण नसणार.

दुसऱ्या खेपेला मी रीतीने गेलो. मान म्हणून यांगोनाच्या मुळ्यांची चांगली जुडी नेली, टेबलासमोर खाली बसलो, टाळी वाजवून आपल्या घराण्याच्या वतीने बोलायला लागलो. पूर्वजांपर्यंत पोचलो नाही तोच रखवालदार आला. राजनील हळूच म्हणाला, “काका, इथे हे चालत नाही. पाचनंतर घरी आणा.” पाचनंतर घरी नेली. त्याने, त्याच्या सासऱ्याने आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून अख्खी जुडी कुटून, पाण्यात कालवून प्यायली. प्रत्येक वाटीला “काका, तुमचं काम झालं समजा” असं मला ऐकवलं. सकाळी कचेरीत गेलो तर चेहऱ्यावर ओळखसुद्धा नाही. “गाडी कोणाची?” म्हणे.

तिसऱ्या खेपेला त्याने वाट दाखवली: गाडी माझ्या नावावर करायची, मग विमा लगेच. बसलो अर्ज भरायला. या गाडीवर दुसऱ्या कोणाचा हक्क आहे का? मी म्हटलं, आहे, भाच्याचा. नावावर माझ्या झाली तरी तो कधीही येऊन न विचारता नेऊ शकतो. राजनील म्हणाला, “मग ती चोरी.” मी म्हटलं, चोरी नव्हे, मान. “चोरीचा विमा आहे, काका, मानाचा नाही.” पुढचा प्रश्न, गाडी कोण कोण चालवणार? आता आपल्या गावात कोणी मागितलं तर नाही म्हणता येतं का? मी लिहीत गेलो: पास्टर, सरपंचाचे दोघे मेहुणे, महिला मंडळ (सगळं), मासेवाला आपेनिसा... एकतीस नावं झाली. त्याने बोट ठेवलं ते नेमकं म्हाताऱ्या तिमोदीच्या नावावर. “हे तर आंधळे आहेत ना?” मी म्हटलं, हो, पण मागितली तर द्यावी लागेल ना! राजनीलने माझा अर्ज फाडला, नवा घेतला, हक्काच्या रकान्यात स्वतःच्या हाताने ‘नाही’ आणि चालकाच्या रकान्यात एकट्या माझं नाव लिहिलं, आणि सही करायला लावली. साठ वर्षांत मी कागदावर पहिल्यांदा खोटं बोललो, तेही शुद्धलेखनात.

तेव्हा आता काम एवढंच. गाडी मामाला दिली, असा कागद सोबत जोडला आहे. जिथे पेन्सिलीने फुली केली आहे तिथे सही कर आणि परत धाड. उपकार मागत नाही. तुझ्यासारख्या माणसाकडून उपकार घेण्यापेक्षा मी तुझ्या आईला पाठीवर घेऊन डोंगर चढेन (गुडघे परवानगी देत नाहीत, ही वेगळी गोष्ट). तुझ्याबद्दल मनात आणखीही पुष्कळ आहे, पण मामीने वाचून त्यातली दोन पानं काढून घेतली.

कळावे, लोभ असल्यास दाखवावा.

तुझा मामा,
इनोसी

ता. क. डाव्या दरवाजाची कडी तिकडे मिळाली तर घेऊन ठेव. टपालाने पाठवू नकोस, हरवते.

ता. क. दुसरा. हा मामीला न दाखवता लिहितो आहे. सही टपालाने चालते, असं राजनीलने मला अर्ज भरतानाच सांगितलं होतं. तुझ्या आईला मात्र मी सांगून बसलोय की कायद्याप्रमाणे मालकाला स्वतः येऊन खिडकीपाशी सही करावी लागते. का सांगितलं, ते मला विचारू नकोस. त्या दिवसापासून तिने तुझी खोली झाडली, पडदे धुतले, आणि त्याच सुजलेल्या पायाने नवी चटई विणायला बसली आहे. आता तिला खरं सांगायची माझी छाती नाही. पाकीट उलटंपालटं करू नकोस, कागद त्यात नाही. तो माझ्या बायबलमध्ये आहे. पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला तिला लंबासाला जायचंय, आणि ती बसचं तिकीट काढत नाहीये.