सकाळच्या अठरा रेकॉर्डी

गुरुवार, ६ फेब्रुवारी २०२५. सकाळी ८ वाजून १७ मिनिटे.

वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे. एफएमवरचा तो पुष्कर नावाचा पोरगा खिदळत म्हणाला — "पहिले कॉम्प्युटर कुठे होता यार! जी रेकॉर्ड हाताले लागली, ती देत होते लावून!"

हाताला लागली? सव्वीस वर्षं मी नागपूरच्या रेडिओवर सकाळचा गाण्यांचा कार्यक्रम केला. एकेक गाणं निवडून! संतापात पोळी करपली.

शुक्रवार, ७

त्यांच्या ऑफिसात फोन केला. कोणी वैभवी. "मॅडम, तो जोक होता. इथे सॉफ्टवेअरच गाणी लावतं, पुष्करला तरी कुठे निवडायला मिळतं?" म्हणजे ज्याने जन्मात एक गाणं निवडलं नाही, तो माझी थट्टा करणार! "तक्रार असेल तर लेखी द्या."

देते ना. आमच्या शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, तोंडी तक्रार म्हणजे नुसती कुरकुर.

शनिवार, ८

मसुदा झाला — तीन पानं. माझी पद्धत सविस्तर लिहिली. आमच्या रेकॉर्ड लायब्ररीतल्या यमुताई सकाळी सहाला अठरा रेकॉर्डी टेबलावर आणून ठेवायच्या. त्यांतल्या बारा मी वरून क्रमाने घ्यायचे. कान माझा, निर्णय माझा.

पुरावा जोडायला हवा. यमुताई नोंदी ठेवायच्या. आता कन्हानला लेकीकडे असतात. जाते.

सोमवार, १०

यमुताई शहाऐंशीच्या. दिसतं कमी, ऐकू स्वच्छ येतं. मी दारातून "यमुताई" म्हटलं तर — "या बाई! आवाज बसला तुमचा. सर्दी हाये का?"

ट्रंकेतून एकोणीस वह्या निघाल्या. रोजची तारीख, कोणती रेकॉर्ड, कितव्या जागी, आणि का. हे 'का' मी कधी पाहिलंच नव्हतं!

दहावीचा निकाल — "नापास पोरं घरी ऐकत असतील. रडकं नको."

"रातपाळीचे खाणवाले सव्वासातले घरी येतात. तवा बासरी."

"कामिनीबाईचं पत्र. नवरा गेला. तिच्या लग्नातलं गाणं महिनाभर काढायचं नाही." एका बाईसाठी अख्ख्या नागपूरला महिनाभर ते गाणं नाही! आणि कोणाला पत्ताही नाही!

"चौथं सहा मिनिटांचं. बाई चहा पितात."

बाई म्हणजे मी. मला वाटायचं, लांब गाणं नेमकं तेव्हाच येतं, माझं नशीब.

"पण यमुताई, निवडत तर मी होते ना?"

"होत्या नं. बारा. मी ठरवलेल्याच बारा."

"वा! आणि मी नाकारायचे त्या?"

"त्या सहा मी नाकारासाठीच ठेवत होती, मधामधात. घासलेल्या, बेसूर. काही नाकारलं नाही तर तुमचा दिवस खराब जाये. मंग माह्यावर डाफरत होत्या दिवसभर."

लेक तोंडाला पदर लावून हसली. मला रागही आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल!

"मला सांगितलं का नाही?"

"काहून सांगू? गाणी तर बराबर लागत होती."

येताना बसमध्ये एक वही मांडीवर. सव्वीस वर्षं भिंतीपलीकडे एवढा मोठा कान बसला होता, सबंध शहराचं घर-घर ऐकत. मी त्या बाईला काय म्हणायचे? — "यमुताई, रेकॉर्डींच्या पाकिटांवरची धूळ पुसा."

मंगळवार, ११

दिवसभर वही वाचली. स्वयंपाक केला नाही.

बुधवार, १२

तीन पानं फाडली. एफएमच्या ऑफिसला नवं पत्र रजिस्टर पोस्टाने टाकलं. प्रत इथे —

"सव्वीस वर्षं सकाळची गाणी मी निवडली नाहीत. श्रीमती यमुताई भोयर यांनी निवडली. त्यांचं नाव कुठल्याही कार्यक्रमात कधीही घेतलं गेलं नाही, कारण नावं मी वाचत असे. ते आपण सकाळच्या कार्यक्रमात घ्यावं, माझं घेऊ नये. त्या शहाऐंशीच्या आहेत. कोणत्या दिवशी घेणार, ते गुरुवार, २० फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळवावं."