धुळीचा रकाना

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा कुलपे व शिवणयंत्रे दुरुस्ती, पूर्वी पायदळात बंदुका दुरुस्त करणारा कारागीर, देवाला स्मरून, पूर्ण शुद्धीत हे लिहून ठेवतो. हृदयाबद्दल डॉक्टरांनी सांगितलेले मला नीट कळले आहे. कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला घरात दुसरे माणूसच नाही.

१. राहती खोली व पुढचे दुकान वहिनींना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या पत्नीला, द्यावे. बावीस वर्षांत त्यांच्या घराची पायरी मी चढलो नाही. दोष त्यांचा नाही.

२. लोखंड घट्ट धरायचा शेगडा, कानशी व पेचकस समोरच्या शिंप्याला. वापरता येणार नाहीत, पण उसने मागण्याचे कष्ट वाचतील. परत करण्याचे त्याने कधी घेतलेच नाहीत.

३. युद्धातली माझी वही जाळू नये. तीत आमच्या व शत्रूच्या बंदुकीची तुलना आहे. साहेबांनी छापील तक्ता दिला होता: वजन, पल्ला, नेम, गोळ्या. आमची बंदूक घड्याळासारखी घट्ट. शत्रूची हलवली की खुळखुळायची, पल्लाही निम्मा. चारपैकी तीन रकान्यांत आम्ही जिंकलो. मग मी आपणहून दोन्ही धुळीत लोळवल्या. शत्रूची चालली. आमची कोरडी पुसली तर चालली. तेल लावलेली पहिल्याच गोळीला अडकली. तेलात धूळ बसून घट्ट लगदा झाला होता. साहेबांना सांगितले, तर म्हणाले, "तक्त्यात धुळीचा रकाना आहे? नाही ना? मग विचारलंय तेवढं भर." मी भरले आणि सही केली.

४. दादा, माझा थोरला भाऊ, या चाचणीच्या नऊ दिवस आधी लढाईत पडला. तो माझ्याच पलटणीत होता. निघताना त्याची बंदूक मी स्वतः साफ केली. इतरांना लावले त्याच्या दुप्पट तेल दादाच्या बंदुकीला. तो हसला, "अरे, न्हाऊ काय घालतोस तिला?"

त्याच्या सगळ्या गोळ्या शिल्लक सापडल्या. गावाने अर्थ लावला, भ्याला. शिंप्याने दादाचे 'भरलेली बंदूक' असे नाव पाडले आणि वहिनींनी ते ऐकत लेक वाढवली. पण ती बंदूक माझ्याकडेच दुरुस्तीला आली होती. गोळी आत सरकवणारा बोल्ट अर्ध्यावर अडकलेला, बोल्टच्या मुठीवर रक्त. ओढून ओढून दादाने तळहात सोलून घेतला होता. तो पळाला नाही. मी बोललो असतो तर दादा बदनामीतून सुटला असता आणि माझा हात दिसला असता. म्हणून गप्प राहिलो. रोज प्रार्थनेला बसतो, तिथेही हे मोठ्याने म्हटलेले नाही.

५. माझ्या मृत्यूनंतर कलम ४ वहिनींना वाचून दाखवावे.

पोस्टमास्तर साक्षीला आले व सही करून गेले. दुसरा साक्षीदार म्हणून शिंप्याला बोलावले. सहीपुरते वाचायची गरज नव्हती. मीच वाचायला लावले. त्याने दोनदा वाचले.

"मेल्यावर कशाला? तोंडाला काय झालंय तुझ्या?" म्हणाला. मग कागद माझ्या पुढ्यात ठेवला. "माझ्या तोंडाला काय झालं होतं, ते मीच सांगतो वहिनीला. ऊठ. चपला घाल."

सबब कलम ५ मी माझ्या हाताने खोडत आहे.

ठिकाण: राहती खोली
साक्षीदार पहिला: पोस्टमास्तर (सही)
साक्षीदार दुसरा: शिंपी (दारात उभा आहे, सही वहिनींकडून परतल्यावर)
लिहून ठेवणार: सही व दिनांक तेव्हाच.