किंबारा ग्रहाच्या राजाचा आवाज

४ जुलै १९८६
आधी सॉरी. स्पेलिंग चुकणार. मशीन हिंदीचं, माझी बोटं दोनच चालतात, तीही हळू. वाचणार मीच, तरी सॉरी. नववीत शाळा सोडली, चूक शाळेची होती. आता आप्पांनी टायपिंग इन्स्टिट्यूटला घातलंय.
ठराव: सहा महिन्यांत चाळीसचा स्पीड. आजचा स्पीड सात.

६ जुलै
काल अक्काला बघायला आले. मुलगा राघोत्तम, आमच्यासारखाच इथला मराठी, बँकेत आहे, टक्कल पडायला लागलंय. सोबत आई, अंबुजाबाई. शी! बारा भजी खाल्ली, तेरावं रुमालात बांधलं. वर म्हणते, मुलगी सावळी म्हणाला होतात, ही तर काळीच की हो! मग माझ्याकडे बोट. हा काय करतो?
मी उत्तर जुळवलं. जबरदस्त होतं. तोवर त्यांची ऑटो गेली.
अक्का मान खाली घालून आत गेली. तिला हा टकल्या नको, मला कळतं. आप्पा म्हणाले, जमलं!

२१ जुलै
कोडंबाक्कमच्या तमिळ पिक्चरच्या स्टुडिओत इन्स्टिट्यूटचे टाईप केलेले कागद द्यायला गेलो. सेव्हंटी एमएम, सायन्सचं पिक्चर म्हणे. घाण सगळी. चंद्र थर्माकोलचा. परग्रहाची माणसं हिरव्या रबरात, आतून घामाचा वास. एकजण शेपटी काखेत धरून इडली खात होता. उठला, ओली शेपटी माझ्या पायावर पडली. मी मराठीत पुटपुटलो.
डायरेक्टर वळला. ही कुठली भाषा? तमिळवाला, तेलुगूवाला, मलयाळी, कुणालाच कळली नाही. तो ओरडला, सापडली! किंबारा ग्रहाची भाषा हीच!

२४ जुलै
मी राजाचा आवाज झालो. साउंडवाल्या सुंदरने काचेच्या खोलीत बसवलं. म्हणाला, तंबी, स्क्रिप्ट नाही, काहीही बोल, फक्त रागाने, चार मिनिटं. अर्थ आम्ही खाली तमिळमध्ये लिहू.
पहिलं मिनिट घशातून हवाच आली. मग अंबुजाबाईंचा रुमाल आठवला. पुढे थांबलोच नाही. जन्मात सलग एवढं बोललो नव्हतो. सुंदर म्हणाला, सूपर!

१० ऑगस्ट
निश्चय झाला, म्हणजे साखरपुडा. पोंगलनंतर लग्न. अंबुजाबाईंनी आठ मैसूरपाक खाल्ले. शी.
जेवताना डोक्यात आलं, पिक्चर त्यांनी पाहिलं तर? पण त्या कुठे असली पिक्चरं बघतात?
ठराव: तरीही सुंदरला फोन करून बदलून घ्यायचं.

१४ ऑगस्ट
फोनला गेलो. मागे रांगेत एक अनोळखी मामी उभी राहिली. तिच्यासमोर कसं बोलणार? माझी पाळी तिला दिली, घरी आलो.

२ सप्टेंबर
सुंदरच इन्स्टिट्यूटमध्ये आला. उद्या मिक्सिंग, काही बदलायचंय का? पाच मुली टाईप करत होत्या, पाचींची मशीनं थांबली. मी मान हलवली, नाही म्हणून. तो म्हणाला, बरं, तसंही आम्ही एको घालतोय, मागे रॉकेट, गडगडाट, शब्द कुणाला कळणार?
बघा. काळजी उगाच केली.

२७ ऑक्टोबर
आठ पास मिळाले! आप्पांना सांगून राघोत्तमकडच्यांना बोलावलं. प्लॅन: पिक्चर संपलं की उभं राहायचं आणि सांगायचं, राजाचा आवाज माझा. विचारा आता, हा काय करतो.

३ नोव्हेंबर
काल गेलो. लिहिलंच पाहिजे.
इंटरव्हलपर्यंत मीही तोंड उघडं ठेवून बसलो. तोच थर्माकोलचा चंद्र या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, खरा, दगडाचा. अख्खं शहर जमिनीतून उपटून आकाशात गेलं. जहाज डोक्यावरून गेलं तेव्हा सगळ्या बाल्कनीने माना खाली घातल्या. राघोत्तमने शिट्टी वाजवली. अक्का हसली.
मग राजा आला. साठ फूट. एको नाही, रॉकेट नाही. चारी बाजूंनी स्वच्छ माझा आवाज.
बारा भजी खाल्लीस! तेरावं रुमालात बांधलंस! मुलीला काळी म्हणतेस, तुझा टकल्या काय चंद्र आहे? आमच्या अक्काला तो नकोच आहे! बळजबरीने देतात!
खाली तमिळमध्ये: पृथ्वीच्या लोकांनो, शरण या.
सगळं थिएटर थरथरलं. आमची रांग सोडून. अंबुजाबाई उठून उभ्या राहिल्या. मागचे ओरडले, अम्मा, बसा, राजा दिसत नाही!
राघोत्तम पडद्याकडे बघतच नव्हता. अक्काकडे बघत होता. अक्का माझ्याकडे.
प्लॅनप्रमाणे उभा राहिलो नाही. गरज नव्हती.

९ नोव्हेंबर
लग्न मोडलं. आप्पा अंबुजाबाईंचे पाय धरून आले. त्या म्हणाल्या, भज्यांचं मी सोडते, पण राघोत्तमच ऐकत नाही. तो म्हणतो, मनात नसलेल्या मुलीला मी आणणार नाही.
मी अक्काला म्हणालो, सुटलीस बघ. ती म्हणाली, निश्चयानंतर दर गुरुवारी आम्ही लायब्ररीत भेटत होतो रे. मला नको म्हणून तुला कुणी सांगितलं?
कुणी नाही. मला कळतं असं वाटलं होतं.
ठराव: उद्या बँकेत जाऊन राघोत्तमला सगळं सांगायचं.

१८ नोव्हेंबर
गेलो आज. मध्ये पाऊस होता. दोन तास रांगेत. माझा नंबर आला, त्याने वर न बघता विचारलं, काय पाहिजे? मी म्हणालो, फॉर्म. त्याने दिला. वर बघितलं तोवर मी दारात होतो.
पिक्चर हाउसफुल आहे. आमच्या गल्लीतली तमिळ पोरं राजा होऊन काठ्या घेऊन फिरतात, अर्थ न कळता ओरडतात, अक्काला तो नकोच आहे! अक्का उठते आणि खिडकी लावते.
शेजारच्या विहिरीत मांजर पडलं होतं. मी बादली सोडून काढलं, त्यात बोलायचं काही नव्हतं. जिवंत आहे.