दौलतरावांचा होकार

बेलवली, बदलापूर
१० नोव्हेंबर १९८७

चि. बाळ यास वृंदाताईचे अ. उ. आ.

काल, सोमवार ९ नोव्हेंबर, सकाळी सव्वाआठ वाजता तुझ्या कारखान्याच्या फाटकावरून सुकऱ्याला परत पाठवलं. बारवी धरणाकडच्या वाडीतला हा टर्नर, लेथ चालवणारा. त्याची बायको चंद्री माझ्याकडे कामाला आहे, म्हणून मला कळलं. तुझ्या सुपरवायझरने त्याचं काम पाहिलं, पसंत केलं, आणि मग जुन्या मालकाचा होकार आण म्हणाला. तुमच्या कारखानदार संघटनेचा नियम म्हणे: एका सभासदाचा कामगार दुसऱ्याने त्याच्या होकाराशिवाय घ्यायचा नाही. अरे, पण जुने मालक दौलतराव गणपतीत वारले! तेव्हापासून कारखान्याला कुलूप आहे. चंद्री विचारते, गेलेल्या माणसाचा होकार आणायचा कुठून? मी जन्मभर शाळेत मुलांना प्रश्न घातले, आता हा तुला घालते. तू संघटनेचा अध्यक्ष, तुला उत्तर येत असेल.

छोट्या नीलिमाच्या खोकल्यासाठी अडुळसा पाठवते आहे. लोभ आहेच, राग उतरला की दिसेल.

वृंदाताई


अंबरनाथ
१४ नोव्हेंबर

ती. वृंदाताईस बाळचा सा. न. वि. वि.

अडुळसा पोचला. पत्र त्याहून कडू निघालं. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी तुला सगळं शिकवलं, गप्प बसणं तेवढं राहिलं.

ताई, नियम उगाच नाही. दोन-दोन वर्षं शिकवून तयार केलेला माणूस शेजारी पळवायचा, त्यावरून हाणामाऱ्या व्हायच्या. संघटनेने ते थांबवलं. विजेसाठी, पाण्यासाठी आम्ही एकत्र भांडतो ते याच विश्वासावर. माझ्या शेडला आग लागली तेव्हा माझं काम सभासदांनी आपापल्या मशिनवर काढून दिलं, दौलतरावांनी सर्वांत जास्त. आता त्यांचे मुलगे म्हणतात, संक्रांतीनंतर कारखाना उघडू, तोवर आमचा माणूस कुणी घेऊ नका. मी कोणत्या तोंडाने नाही म्हणू? खरं सांगतो, माझं एक लेथ माणसावाचून उभं आहे. सुकऱ्या मला हवाच आहे. पण अध्यक्षानेच नियम मोडला तर उद्या पाळणार कोण?

थोडा धीर धर. माया असू दे, छडी नको.

तुझा बाळ


बेलवली
१७ नोव्हेंबर

चि. बाळ यास आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आधी चिडले, मग तुझी कीव आली. दौलतरावांचे उपकार तू फेडतोयस, पण सुकऱ्याच्या पोटाला चिमटा काढून. धीर मी धरेन, मला पेन्शन आहे. तो लेथवरचा माणूस सध्या रस्त्यावर खडी टाकतोय. संक्रांतीपर्यंत त्याचं घर कोण चालवणार, हे मी दौलतरावांच्या मुलांना घरी जाऊन विचारलं. त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलं.

तुमची संघटना वाईट आहे असं मी म्हणत नाही. आगीत तिने तुला उभं केलं, मग ज्या कारखान्याला कुलूप लागलं त्याच्या कामगारांनाही उभं करू दे. नियम मोडू नकोस, सगळ्यांदेखत बदल. गुरुवारी कमिटी बसेल तेव्हा मांड: कारखाना बंद असेल तर मालकाच्या वतीने संघटना होकार देईल. मुलांनी पुढे उघडला, तर परत जायचं की नाही ते सुकऱ्याला विचारा. आजवर त्याला कुणी काही विचारलेलंच नाही.

नीलिमाला जप. काय ठरलं ते शनिवारी, २१ नोव्हेंबरला, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी हवं. फोन नको. फोनवर तू हसवतोस आणि मी विरघळते. पत्र पोस्टातही टाकू नकोस. त्या दिवशी दुपारी सुकऱ्यालाच तुझ्याकडे पाठवते. होकार असो की नकार, त्याला खुर्ची दे, आधी वाचून दाखव, आणि मग त्याच्या हाती दे.

वृंदाताई