तुमचं सावकाश खाली बसणं

वकीलसाहेब, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्याशी वाद घालायला हरकत नसावी. हयात असताना तुम्ही मला बोलू कुठे दिलंत? संस्कृत पाठशाळेतून वकिलीत शिरून अमरावतीला तुमच्या हाताखाली आलो, तेव्हा माझा पहिलाच अर्ज वाचून तुम्ही म्हणालात, "पंडित, जज्जसाहेबांना जेवायला घरी जायचं असतं. समास आवर." तेव्हापासून मी लहान वाक्यं लिहितो.

आज अकोल्याहून परतताना गाडीत तो वाटेचा दावाच डोक्यात घोळत होता. आपला अशील वलगावकडचा. त्याच्या शेतातून बैलबंडी बाहेर काढायची वाट शेजाऱ्याच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आणि शेजाऱ्यानं तिथे काट्या टाकलेल्या. कापूस फुटलेला. निकाल लांबला तर घरादारानं डोक्यावरून गाठोडी वाहायची, तीही नाल्यातून. शेजाऱ्याचं म्हणणं, इथे वाट कधी नव्हतीच.

साक्षीच्या दिवशी मधल्या सुट्टीत तो शेजारी आवारातल्या लिंबाखाली एकटाच बसला होता. तुम्ही त्याला आपल्या तांब्यातलं पाणी दिलंत आणि बैल कसे आहेत, एवढंच विचारलंत. बैलांचं सांगता सांगता तो सहज बोलून गेला की वाट तशी जुनीच, पण यंदा हा गडी नाकासमोरून बंडी नेतो आणि रामरामही करत नाही. मला तर निकालच हातात आल्यासारखं झालं. तुम्ही कोर्टाचा जिना दोन-दोन पायऱ्या घेत चढत होतात आणि मी धापा टाकत मागून सांगत होतो की एवढं एकच विचारा, दावा संपला. तुम्ही वरून वळून पाहिलंत. "पाणी पिताना बोललाय तो. ते लिंबाखालीच राहू दे."

पुढचं अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही विचारताय, बांध कुणी घातला, नाला कुठे वळतो, बाभूळ कुणाच्या हद्दीत. प्रत्येक प्रश्नाला साक्षीदार पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरतोय. आता येणार तो प्रश्न, असं त्याला वाटतंय. आणखी काही विचारायचं नाही, असं सांगून तुम्ही टेबलाला हात टेकता आणि नेहमीसारखे सावकाश, फार सावकाश खाली बसू लागता. तुमच्या त्या बसण्याची बाररूममध्ये नक्कल व्हायची. गुडघे गेले बिचाऱ्याचे, म्हणायचे. तुम्ही पुरते टेकलाही नव्हतात, तोच तो बोलला.

"वकीलसाहेब, ते कावून नाही इचारलं तुमी?"

जज्जसाहेबांनी मान वर केली. काय विचारायचं राहिलं, म्हणाले.

"वाट हाय त्याची. याच्या बापाची बंडी मी लहानपणापासून पाह्यली. पण हा मले रामराम नाही करत, म्हून काट्या टाकल्या."

तुम्ही नुसतं अशिलाकडे पाहिलंत. तो उठला आणि भर कोर्टात शेजाऱ्याला रामराम घातला. कापूस बंडीतून बाजारात गेला.

तेव्हापासून मला कोडं आहे: ते सौजन्य होतं की डावपेच? पाठशाळेत आम्हाला धुरावरून विस्तव ओळखायला शिकवलं होतं. तुमच्याकडून धूरच कधी निघाला नाही.

आज माझी पाळी होती. विहिरीच्या पाण्याचा दावा. माझ्या अशिलाची मोट चालली नाही तर त्याची मिरची उभी वाळणार. समोरचा पक्षकार सकाळी गाडीत नेमका माझ्या शेजारी. आपल्यातली अर्धी भाकर मला देता देता, विहीर दोघांच्या बापांनी मिळून खणली, हे बोलून गेला. मी भाकर खाल्ली आणि कोर्टात ते विचारलं नाही. तो तसाच कपाळ पुसून पिंजऱ्यातून उतरला आणि निघून गेला. स्टेशनवर अशील म्हणाला, "आपलं जमन ना, साहेब?" निकालाच्या दिवशी पाहू, म्हणालो. दुसरं काय म्हणणार? तुम्ही अशा वेळी अशिलाला काय सांगत होतात, तेही विचारायचं राहून गेलं.

हे पत्र कुठे टाकावं ते टपालखात्यालाही सुचणार नाही, तेव्हा टेबलाच्या खणातच राहील. एक मात्र सांगतो. माझे गुडघे ठणठणीत आहेत, तरी आज मी टेबलाला हात टेकून मुद्दाम सावकाश खाली बसलो, कान पिंजऱ्याकडे लावून. आणि तसा अर्धवट बसलेला असतानाच मला एकाएकी तो जिना आठवला, आणि दोन-दोन पायऱ्या घेत वर जाणारे तुम्ही.