मधल्याला मत

सोमवार
मिळाली एकदाची नोकरी. ताईने खिडकीजवळची खोली दिली, भावोजींनी स्वतःचं टेबल रिकामं करून दिलं. ऑफिस चालत जाण्याइतकं जवळ. लोकांना फोन करायचे, त्यांचं मत विचारायचं, कॉम्प्युटरवर खूण करायची. उद्या टीव्हीवर दोन उमेदवारांची समोरासमोर चर्चा आहे. परवापासून आमचा एकच प्रश्न: जिंकलं कोण? ताई म्हणाली, तुला दुसऱ्याच्या मनात डोकवायची खोड होतीच, आता तिचा पगार मिळेल.

बुधवार
काल तिघांनी मिळून चर्चा पाहिली. एकीकडे चष्मेवाल्या बाई, दुसरीकडे टक्कल पडलेले गृहस्थ. कुणी कुणाचं ऐकेल तर शपथ. आज घसा बसला. निम्मे लोक फोन आपटतात. एका आजोबांनी उत्तर दिलं नाही, पण माझं लग्न झालंय का ते तीनदा विचारलं. एक काकू म्हणाल्या, तो मधला जिंकला. मध्ये कुणीच नव्हतं म्हटलं, तर लहान मुलाला समजवावं तसं म्हणाल्या, अगं, तो गप्प उभा होता ना, तोच. असं उत्तर नोंदवायचं कुठे? ‘सांगता येत नाही’वर खूण केली.

गुरुवार
आज सगळ्यांच्या तोंडी मधलाच. एक न्हावी, एक नर्स, एक निवृत्त प्राध्यापक. तो काय बोलला विचारलं तर म्हणतात, बोलला कुठे? न्हावी म्हणाला, तो कॅमेऱ्याकडे नाही, माझ्याकडे बघत होता. आमच्या मुख्य बाई, ज्यांना सगळे आकडेबाई म्हणतात, माझ्यावरच उखडल्या. माझ्याच खात्यात एवढे ‘सांगता येत नाही’ कसे? मला म्हणे प्रश्नच नीट विचारता येत नाही. किती सांगितलं, पालथ्या घड्यावर पाणी.

शुक्रवार
हट्टाने आकडेबाईंना चर्चेचं रेकॉर्डिंग लावायला लावलं. दोघं उमेदवार, मध्ये रिकामा गालिचा. बघा, म्हटलं. त्या बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, “याचा पर्याय आपण द्यायलाच हवा होता.”
दुपारी कॉम्प्युटरवर नवा पर्याय आला: मधला. सगळ्यांचं काम झटपट उरकलं. शेवटी आकडेबाईंनी आम्हालाही मधल्याला एकेक मत द्यायला सांगितलं. मी दिलं नाही. जो नाही त्याला कसं देऊ?

शनिवार
भावोजींना विचारलं, मध्ये कुणी होतं का? ते हसले, म्हणाले, समोर बसून तुझं लक्ष कुठे होतं? ताई मात्र चिडली. त्याला असं नाही नाही म्हणू नकोस, वाईट वाटतं त्याला, म्हणाली. तुला कसं कळलं, विचारलं तर भांडी घासायला निघून गेली. डोकं आपटावं तर भिंतीवरच. घरात, ऑफिसात, सगळीकडे मीच वेडी.

रविवार
सकाळी त्या नर्सचा फोन. माझा नंबर तिच्याकडे असायचं कारण नाही. म्हणाली, तो आता टीव्हीत नाही. ज्यांनी त्याला मोजलं नाही त्यांच्याकडे जातोय.
कुठे आहे, विचारलं. तिने आमच्या गल्लीचं नाव सांगितलं.

सोमवार
कामावर गेले नाही. बॅग भरली, पण भावोजी दार अडवून उभे. रागाने नाही. पाहुणा येणार असताना घरातल्या माणसाने जाऊ नये म्हणे –
बेल वाजली. ताईने दार उघडलं. बाहेर कुणी नाही. मी स्वतः पाहिलं, कुणी नाही. ती बाजूला सरकली, वाट दिली –

खोलीत आले. आतून कडी लावली. ताईने हाक मारली आणि कडी आतूनच निघाली –

ताई दारात. म्हणतेय, “सरक जरा, त्यांना बसू दे.”
सरकणार नाही. मला कुणी दिसत नाही. दिसत नाही म्हणजे –
शेजारी गादी दबली.
लिहून ठेवते, इथे कुणीही न–